तिसरी हाक

दफनभूमीच्या चढावर एक गाडी येऊन थांबते. भाऊ-बहीण उतरतात. वडिलांच्या थडग्यावर पुष्पचक्र ठेवायला दोघं दोनशे मैलांवरून आली आहेत. भाऊ वैतागलेला आहे, आपल्याला वडिलांचा चेहरासुद्धा आता आठवत नाही म्हणतो. मग बहीण इथे बावरते हे त्याच्या लक्षात येतं आणि लहानपणी ह्याच जागी तिला जसा भिववायचा, तसाच तो पुन्हा भिववायला लागतो. लांबून एक उंच, किडकिडीत माणूस झोकांड्या खात येत असतो. भाऊ त्याच्याकडे बघून म्हणतो, तो बघ, त्यांच्यातलाच एक आला.

इथे आम्ही पहिल्यांदा रेकॉर्डिंग थांबवलं. दादाने एका कानावरचा हेडफोन सरकवला आणि विचारलं, “थांब. ह्याला म्हणायचं काय?”

सिनेमा जॉर्ज रोमेरोचा, ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’, 1968 सालचा. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. डोंबिवलीत एकाच सोसायटीत आम्ही राहतो, तो दुसऱ्या मजल्यावर, मी चौथ्या. जुन्या भयपटांवर आम्ही मराठीत ऑडिओ कॉमेंटरी रेकॉर्ड करतो. सिनेमा ज्याचा त्याने आपल्या घरी लावायचा, आमचा आवाज त्याच्याबरोबर सुरू करायचा, आणि ही दोघं शेजारी बसून बोलतायत असं समजून बघायचा. कॉमेंटरी म्हटलं की आपल्याकडे क्रिकेट आठवतं. पण आकाशवाणीवर बाळ ज. पंडित बोलायचे तेव्हा ऐकणाऱ्यासमोर मैदान नसायचं, ते त्यांच्या शब्दांतून उभं राहायचं. आमच्या ऐकणाऱ्याला सगळं दिसतच असतं. जे दिसतंय ते पुन्हा सांगण्यात अर्थ नाही, आणि जे दिसत नाही ते सांगताना चित्रावरचं त्याचं लक्ष उडता कामा नये. शब्दांची निवड म्हणूनच आम्हांला जिवावरची वाटते.

रेकॉर्डिंग रात्रीच करावं लागतं. दीड-पावणेदोनला शेवटची लोकल गेली की चारच्या सुमारास पहिली येईपर्यंत स्टेशनच्या बाजूला जरा शांतता असते. मधूनच एखादी मालगाडी जाते, तिला इलाज नाही. हा सिनेमा 96 मिनिटांचा आहे, तेवढ्या फटीत नेमका बसतो. दादाच्या आतल्या खोलीत लोखंडी कपाटावर आणि खिडकीवर आजीच्या गोधड्या टांगायच्या, पंखा बंद, फ्रीजची पिन काढलेली. मे महिन्यात अर्ध्या तासात पाठ भिजते. सिनेमाचा आवाज फक्त हेडफोनमध्ये ठेवायचा, नाहीतर तो माईकमध्ये शिरतो. एक कान सिनेमाला, दुसरा एकमेकांना.

आणि माईकला मराठी जड जाते हे मला इथेच कळलं. भ, फ, घ, ध ही अक्षरं श्वास सोडून उच्चारायची असतात. तो श्वास थेट माईकवर आदळला की फट् असा आवाज येतो. सगळ्यात वाईट आदळतो तो ‘भूत’ हा शब्द. भयपटाबद्दल बोलायचं आणि भूत, भय, भीती हे शब्द जपून उच्चारायचे! भरतकामाच्या रिंगणात पातळ नायलॉनचा पायमोजा ताणून बसवला आणि तो माईकपुढे धरला. शिवाय ‘भ’ आला की तोंड जरासं बाजूला वळवायचं. आता ते इतकं अंगवळणी पडलंय की बाजारात भाजीवाल्याशी बोलतानाही माझी मान भोपळ्याला आपोआप वळते.

सुरुवात आम्ही जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊच्या ‘नोस्फेराटू’ने केली होती. 1922 चा मूकपट, कोणाच्या संवादावर आपला आवाज पडायची भीती नाही. आणि सांगण्यासारखं किती! ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ ह्या कादंबरीवरून परवानगी न घेता केलेला म्हणून त्याच्या विधवेने दावा लावला, आणि 1925 मध्ये जर्मन कोर्टाने सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला. तरी काही प्रती वाचल्या. त्यात हा पिशाच्च भर उन्हात शवपेटी काखेत मारून चाललेला दिसतो आणि नव्याने पाहणाऱ्याला ती चूक वाटते. पण ते दृश्य रात्रीचं आहे. त्या काळी रात्रीचं चित्रण दिवसा करायचे आणि मग फिल्म निळ्या रंगात बुडवायचे. निळा दिसला की प्रेक्षक रात्र समजायचा. पुढच्या कित्येक प्रतींमध्ये तो रंग उतरलाच नाही. हे एक वाक्य ऐकलं की पाहणारा त्या उन्हाकडे वेगळ्या डोळ्यांनी बघतो. कॉमेंटरीचं मोल मला विचाराल तर ते एवढ्यात आहे. बाकी आम्ही त्या पहिल्या खेपेला फारच बोललो. पूर्ण रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा वाटलं, कोणी पाहुणा जेवायला बसलाय आणि आपण त्याला घास गिळू देत नाही.

ह्या प्रकाराची रीतसर सुरुवात 1984 ची. लेझरडिस्क नावाची थाळीएवढी मोठी तबकडी तेव्हा निघाली होती. तिच्यावर आवाजाचे दोन स्वतंत्र मार्ग असत. सिनेमाला एक पुरे होता, दुसरा मोकळा. क्रायटेरियन कंपनीने 1933 च्या ‘किंग काँग’ची तबकडी काढली तेव्हा त्या मोकळ्या मार्गावर रोनाल्ड हेवर ह्या चित्रपट-अभ्यासकाला बसवलं. त्याने सिनेमा चालू असताना सोबत बोलत त्याची हकीकत सांगितली. म्हणजे जन्मच एका राक्षसाच्या सिनेमावर झाला, भयपटवाल्यांनी आपली गोष्ट मानायला हरकत नाही.

पण चित्राशेजारी बसून सांगणं त्याहून कितीतरी जुनं. जपानात मूकपटांच्या काळी पडद्याच्या बाजूला बेन्शी उभे असत. सगळ्या पात्रांचे आवाज तेच काढत, गोष्टही तेच सांगत, आणि लोक अमक्या बेन्शीचा आवाज ऐकायला म्हणून तिकीट काढत. दिग्दर्शक अकिरा कुरोसावाचा थोरला भाऊ बेन्शी होता. बोलपट आले आणि त्या सगळ्यांची गरजच संपली. आणि आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी आहेतच. ठाकर समाजातली ही मंडळी रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चित्रं पोथीसारखी बाळगतात, एकेक चित्र समोर उभं करतात आणि शेजारी बसून गाऊन-सांगून ते हलतं करतात. मी एकदा हा खेळ पाहिला आहे. चित्र स्थिर होतं, पण बघताना डोळा सांगणाऱ्याच्या आवाजामागून फिरत होता. आधी राक्षसाच्या दातांवर, मग हातावर, मग सीतेच्या पदरावर. आमच्याकडून असं कधी जमेल, हे मी तेव्हापासून मनात धरून आहे.

तर, ह्याला म्हणायचं काय?

झोंबी म्हणायचं, असं कोणीही म्हणेल. पण ह्या सिनेमात तो शब्द एकदाही येत नाही. टीव्ही-रेडिओवरचे निवेदक त्यांना ‘गूल’ म्हणतात. तो शब्द मुळात अरबीतला, ओसाड जागी राहणाऱ्या, प्रेतं खाणाऱ्या पिशाच्चांचा. आम्हांला वाटलं, आपल्याकडे भुतांच्या नावांना काय तोटा, एखादं तरी बसेलच. दादाने वहीत यादीच केली. आमचं आजोळ गुहागर तालुक्यातलं. आजीकडे प्रत्येक भुताचा पत्ता आणि कुंडली असायची. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा, तो पिंपळावर. हडळ म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. समंध म्हणजे निपुत्रिक गेलेला, आपल्या वाड्यात दुसऱ्याला सुखाने राहू न देणारा. गिऱ्हा पाण्यात. चकवा वाटेत, तो मारत नाही, रात्रभर एकाच बांधावरून फिरवतो. खवीस, जखीण, झोटिंग, वेताळ. एकेक नाव आम्ही त्या दफनभूमीतल्या माणसाला लावून पाहिलं आणि एकही बसेना.

का बसेना, हे कळायला दोन रात्री गेल्या. आपल्या प्रत्येक भुताला काहीतरी हवं असतं. मुंजाची सोडमुंज राहिलेली असते. हडळीला बाळ हवं असतं. समंधाचा जीव वाड्यात अडकलेला असतो. आजी भुताला भ्यायची, पण ते का आलंय हे आधी विचारायची. नारळ द्यायची, वर्षाची राखण चुकवायची नाही, आणि ‘राहिलं असेल हो त्याचं काही’ असं अगदी शेजाऱ्याबद्दल बोलावं तसं बोलायची. आपल्या भुताशी बोलणं होऊ शकतं. रोमेरोच्या मेलेल्यांशी होत नाही. त्यांचं काही राहिलेलं नाही, त्यांना कोणाचा सूड घ्यायचा नाही, पत्ता नाही, नाव नाही. ते नुसते येतात आणि खातात. शुक्राकडून परतणाऱ्या यानाच्या किरणोत्सर्गाचं एक कारण सिनेमात बोललं जातं, पण त्यावर सिनेमाचाच फारसा भर नाही.

हा सिनेमा मी इंग्रजीतून वीसेक वेळा पाहिला असेन. त्यांना काहीच नको आहे, हे मला मराठी शब्द शोधायला लागल्यावर दिसलं.

शेवटी आम्ही ठरवलं, नाव द्यायचंच नाही. नुसतं ‘ते’ म्हणायचं. “ते आले.” “ते खिडकीपाशी आहेत.” आजीही तिन्हीसांजेला भुताचं नाव घ्यायची नाही, ‘ते’ एवढंच म्हणायची. दादाने वही मिटली. ते सर्वनाम बोलताना श्वासही माईकवर आदळत नव्हता.

तांत्रिक कामात एक मोठी चूक झाली तीही सांगते, कोणाला उपयोगी पडेल. ह्या सिनेमाचं पहिलं रेकॉर्डिंग ज्यांना ऐकायला दिलं त्यांतल्या एका काकांनी कळवलं, की तुमचं बोलणं हळूहळू मागे पडत जातं, सिनेमा संपला तरी तुम्ही त्यातल्या तळघरातच आहात. आम्ही हैराण. आमच्याकडे तर सगळं जुळत होतं. मग उलगडा झाला. त्यांच्याकडची प्रत सेकंदाला 24 ऐवजी 25 चित्रं धावणारी होती, टीव्हीच्या जुन्या पद्धतीची. सेकंदाला एका चित्राचा फरक, पण 96 मिनिटांचा सिनेमा 92 मिनिटांतच संपतो. तेव्हापासून आम्ही वाटेत खुणा पेरतो. ओसाड घरात शिरलेली बहीण, बार्बरा, एका संगीतपेटीपाशी जाते आणि पेटी वाजू लागते. त्या क्षणी मी म्हणते, “आता पेटी वाजली. तुमच्याकडे वाजली नसेल तर आम्हांला थांबवा.” लग्नात वऱ्हाडाच्या गाड्या नाक्या-नाक्यावर एकमेकींसाठी थांबतात तशी ही थांबण्याची ठिकाणं.

हाच सिनेमा निवडायला एक व्यवहारी कारणही होतं. वितरकाने आयत्या वेळी त्याचं नाव बदललं आणि नवी नामपाटी लावताना तिच्यावरची स्वामित्वहक्काची ओळ राहून गेली. त्या वेळच्या अमेरिकी कायद्यात ती ओळ नसली की हक्कच गेला. पिट्सबर्गमध्ये जाहिरातपट करणाऱ्या पोरांनी ओळखीपाळखीच्यांकडून पैसे गोळा करून, लाखभर डॉलरच्या थोडं पुढेमागे खर्चून केलेला हा सिनेमा. जगभर तो चालला आणि त्यांच्या हाती त्या मानाने फारच थोडं आलं. ह्याचं मला दर वेळी वाईट वाटतं. आज कोणीही तो मोकळेपणाने दाखवू शकतो तो त्यांच्या नुकसानीवर, हे मी कॉमेंटरीत पहिल्या पाच मिनिटांत सांगते.

रक्त म्हणून चॉकलेटचं सरबत वापरलं होतं, हेही सांगते. लोकांना वाटतं, असली गुपितं फोडली की भीती जाते. माझा अनुभव तसा नाही. ते सरबत आहे हे माहीत असलेल्या माणसाचं रक्तावरून लक्ष उठतं आणि तो चेहऱ्यांकडे बघायला लागतो. भीती तिथे आहे. बार्बराचा भाऊ जॉनी सुरुवातीलाच दगडावर डोकं आपटून पडतो, आणि शेवटी शेवटी दार फुटतं तेव्हा त्या गर्दीत, तेच हातमोजे घातलेला, तो पुढे येतो आणि बहिणीला ओढून नेतो. लहानपणी जे म्हणून भिववायचा तेच तो करतो. इथे मला बोलता आलं नाही. आजोळी विहिरीकडच्या वाटेवर संध्याकाळी दादा मला असाच भिववायचा, ‘आली बघ, मागे बघू नको’ म्हणून. आजी अंगणातून त्याच्यावर ओरडायची. सिनेमातल्या जॉनीवरही त्याचे आजोबा असेच ओरडलेले असतात. रेकॉर्डिंगमध्ये त्या जागी अकरा सेकंद काहीच नाही, फक्त लांबून जाणाऱ्या गाडीची घरघर आहे. आम्ही ती काढली नाही.

आता बेनबद्दल. त्या घरात अडकलेल्यांना धीर देणारा, दारं-खिडक्यांना फळ्या ठोकणारा बेन. ही भूमिका ड्वेन जोन्स ह्या कृष्णवर्णीय नटाने केली. लिहिताना ती कोणा कृष्णवर्णीयासाठी लिहिलेली नव्हती. पटकथेत तो एक रांगडा ट्रकचालक होता, जोन्सने स्वतः त्याचं बोलणं बदलून घेतलं. चाचणीत तोच सगळ्यांत चांगला वाटला म्हणून घेतला, असं रोमेरो पुढे सांगत राहिला. तयार सिनेमाची प्रत गाडीत घालून मंडळी न्यूयॉर्कला निघाली होती त्या रात्री, 4 एप्रिल 1968 ला, गाडीतल्या रेडिओवर मार्टिन ल्यूथर किंग ह्यांच्या हत्येची बातमी त्यांनी ऐकली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सिनेमा लागला. त्यानंतर त्याचा शेवट कोणाला नुसता भयपटाचा शेवट म्हणून बघता येणार होता?

1994 मध्ये ह्या सिनेमाची लेझरडिस्क निघाली तेव्हा कलाकार आणि तंत्रज्ञ दोन गटांत बसून त्यावर बोलले. दिग्दर्शक आहे, बार्बरा झालेली जुडिथ ओडी आहे, दफनभूमीतला तो पहिला माणूस झालेला बिल हिन्झमनही आहे. ती कॉमेंटरी मला फार आवडते. जुने मित्र लग्नाचा अल्बम बघतायत तशी ती आहे. ह्या कोपऱ्यात कोण उभं होतं, तो कोट कोणाचा होता. पण ड्वेन जोन्स 1988 मध्येच गेला होता. पडद्यावर तो जवळजवळ प्रत्येक प्रसंगात आहे आणि बोलणाऱ्यांत नाही. मी ते ऐकत असते तेव्हा त्याचा आवाज आता येईल, आता येईल असं वाटत राहतं. पुढे तो नाटक आणि साहित्य शिकवायचा. फळी ठोकताना तो काय विचार करत होता, हे त्याच्याच तोंडून, त्या प्रसंगावर ऐकायला मिळालं असतं तर!

शेवटच्या भागासाठी मी चार पानं टिपणं काढली होती. सकाळ होते. तळघरात एकटा उरलेला बेन बाहेरचे आवाज ऐकून वर येतो आणि खिडकीपाशी जातो. बाहेर बंदुका घेतलेली माणसं, शेरीफ, कुत्री. ‘त्यांना’ टिपत टिपत ती घरापर्यंत आली आहेत. खिडकीत हालचाल दिसते. शेरीफ शेजारच्याला डोक्याचा नेम धरायला सांगतो, तो गोळी घालतो. बेन पडतो. मग श्रेयनामावलीवर स्थिर चित्रं येतात, वर्तमानपत्रात छापल्यासारखी जाड ठिपक्यांची, हातात लोखंडी आकडे घेतलेली माणसं आणि त्यांच्यामध्ये त्याचं शरीर. ही चित्रं अमेरिकेतल्या झुंडबळींच्या जुन्या छायाचित्रांची आठवण करून देतात, हे मला तिथे सांगायचं होतं. सालं, नावं, सगळं लिहून ठेवलं होतं.

तीन वेळा रेकॉर्ड केलं, तिन्ही वेळा माझं बोलणं त्या चित्रांवर चिकटवल्यासारखं वाटलं. चौथ्या खेपेला पहाटेचे पावणेचार झाले होते. पहिली लोकल यायच्या आत संपवायचं होतं. मी टिपणांचं पान उघडून ठेवलं होतं. खिडकीत बेन आला. शेरीफचे ओठ हलले. आणि दादा, जो ह्या प्रसंगात कधीच बोलत नाही, माईकपासून जरा लांबूनच म्हणाला, “अरे, एक हाक तरी मारायची.”

आमच्या आजीचा नियम होता. रात्री अंगणाबाहेरून कोणी नाव घेऊन बोलावलं तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसऱ्या हाकेला द्यायची नाही. भुताला दोनदाच हाक मारता येते. तिसरी हाक आली तर ते माणूस आहे, मग दार उघडायचं, कितीही रात्र असो. मग त्याला पाणी द्यायचं.

गोळी वाजली. मी पानावर हात ठेवला आणि बोलले नाही. स्थिर चित्रं एकामागून एक गेली, मागून वॉकीटॉकीवरची खरखर ऐकू येत राहिली. दादाने हेडफोन काढून मांडीवर ठेवला होता, त्यातूनही ती बारीक ऐकू येत होती. मग गोधडीमागच्या खिडकीतून लांबवर चारच्या गाडीचा भोंगा आला, आणि तोही रेकॉर्ड झाला.